बॅटरी तपासा

तीस वर्षांत इशाऱ्याचा दिवा पेटता ठेवून एकही गाडी माझ्या हातून बाहेर गेलेली नाही, हे मी अभिमानानेच सांगतो. त्या दुपारी मात्र एका गाडीला नवी बॅटरी जोडूनही तिच्या डॅशबोर्डच्या पडद्यावरचे ‘बॅटरी तपासा’ हटेना.

“बाबा, हट्ट सोडा. शोरूमला पाठवू,” गॅरेज सांभाळणारी माझी लेक म्हणाली.

“मी जिवंत असताना?”

आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, या माझ्या ठरलेल्या क्रमाने मी तारा सोडल्या आणि बॅटरी उचलून तिच्या हाती दिली. ती चार्जिंगला लावायला लेक बाहेर गेली.

पडदा विझायला हवा होता. त्यावर सावकाश उमटले: ‘बॅटरी उत्तम आहे.’

“गेला का इशारा, बाबा?” तिने बाहेरून विचारले.

“गेला,” मी ताठ मानेने म्हणालो, आणि चावी माझ्या खिशात असताना इंजिन सुरू झाले.