आतड्याच्या तारा

पहिला सूर निघाला आणि दुसऱ्या बाकावर बसलेल्या जोसेफची बोटं मांडीवर आपोआप चालू लागली. हा आवाज त्याचा होता. जरासा खरखरीत, दम लागल्यासारखा, बोकडाच्या आतड्याच्या तारांचा.

समोर त्याची मुलगी प्रिस्किला व्हायोलिन वाजवत होती. पुण्याचा तिचा वाद्यवृंद जुन्या सिम्फनी जुन्याच पद्धतीच्या वाद्यांवर वाजवतो, आणि आज तो नंदुरबारच्या चर्चमध्ये आला होता. चर्च खच्चून भरलं होतं. सिम्फनी म्हणजे काय हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं; पण गावची पोर वाजवणार म्हटल्यावर घरी कोण बसतं?

याच चर्चमध्ये जोसेफने कित्येक वर्षं दर रविवारी व्हायोलिन वाजवलं होतं. तारा तो घरीच करायचा. आतडं धुवायचं, पिळायचं, ताणून वाळवायचं. बायको रिबेका वासाने करवादायची, शेजारणी नाकाला पदर लावायच्या. मग एका नाताळात प्रिस्किलाच्या कॉलेजच्या मैत्रिणी यायच्या होत्या. या वेळी वाजवू नका पप्पा, असं ती म्हणाली. आणखीही बरंच म्हणाली. जोसेफने वाजवलं नाही. पुढच्या रविवारी बोटं आखडली असं त्याने पाळकांना सांगितलं, आणि ते सगळ्यांनी खरं मानलं. त्याचं व्हायोलिन पुन्हा पेटीबाहेर आलं नाही.

सिम्फनीचा पहिला भाग संपला. चर्चच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या प्रमिलाबाई त्याच्याकडे वाकल्या.

“जोसेफभाऊ, हाऊ ते तुमना आवाज शे.”

जोसेफने मान हलवली आणि थांबा म्हणून खूण केली. ते पोरीच्या तोंडून ऐकायलाच तो आला होता. चार लोकांत तिने म्हणावं, हा माझ्या बापाचा आवाज. एवढंच त्याला हवं होतं.

प्रिस्किला बोलायला उठली. ही सिम्फनी रचली तेव्हा तारा स्टीलच्या नसत, आतड्याच्या असत, हे तिने छान समजावून सांगितलं. असा आवाज आपल्या नंदुरबारने आज पहिल्यांदाच ऐकला, असंही ती म्हणाली. टाळ्या पडल्या. प्रमिलाबाईंनी वाजवल्या नाहीत. पोटच्या पोरीने भरल्या चर्चमध्ये त्याला पुसून टाकलं होतं. तरी जोसेफने मनाची समजूत घातली, की गडबडीत विसरली असेल.

कार्यक्रम संपल्यावर वाद्यवृंदाचे संचालक स्वतःहून त्याला भेटायला आले. मनमोकळे गृहस्थ. प्रिस्किला मागून घाईघाईने आली, पण तोवर त्यांनी जोसेफचा हात हातात घेतला होता.

“तुम्हाला या तारांचा भारी तिटकारा होता म्हणे,” ते हसून म्हणाले. “शेळी ओरडते, लोक हसतील, म्हणून घरात वाजवू दिल्या नाहीत. प्रिस्किला नेहमी सांगते. तुम्ही अडवलंत म्हणूनच ती हट्टाला पेटली.”

वाक्यं जोसेफच्या ओळखीची होती. त्या नाताळात त्याने ती ऐकली होती, म्हटली नव्हती.

म्हणजे ती काहीच विसरली नव्हती. प्रिस्किलाचा चेहरा पांढराफटक पडला. बापाने खरा एक शब्द काढला असता, तर पुण्यात तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

“हो साहेब,” जोसेफ तिच्याकडे पाहत म्हणाला, “तेव्हा मला या आवाजाची लाज वाटायची.”