साखर आणायला अमेरिकेत

बेळगाव कुणाचं यावरून बाबांनी आणि शेजारच्या मल्लाप्पाअण्णांनी अबोला धरला आणि आमचं बॅडमिंटन बुडालं. कारण नेटचं एक टोक आमच्या शेवग्याला, दुसरं अण्णांच्या माडाला. शाळेचे सामने तर तोंडावर आलेले. मग मीच आम्हाला शाळेत शिकवणाऱ्या, कॅनडाच्या मिस डोरोथींना घरी चहाला बोलावलं आणि या दोघांना समोरासमोर बसवलं.

"आमच्या गावात रस्त्याच्या अलीकडे कॅनडा, पलीकडे अमेरिका," मिस म्हणाल्या. "साखर संपली की आई वाटी घेऊन अमेरिकेत जाते."

"तिकडे भाषा कुठली?" बाबांनी विचारलं.

"इंग्रजीच. दोन्हीकडे."

दिवाळीनंतर पहिल्यांदाच बाबा अण्णांकडे वळले. "भाषा एक, आणि गाव तोडलं?"

"अन्यायच की हो हा, रत्नाकरराव. सगळं गाव एकीकडंच घालायला पाहिजे."

मी उड्या मारत नेट बांधायला पळाले. दुसरी गाठ मारतेय तोच घरातून आवाज चढले. बाबा गाव अमेरिकेत घालत होते, अण्णा कॅनडात.

अण्णा तरातरा बाहेर आले. "सोड ती गाठ, पोरी. माझ्या माडाला अमेरिकेची दोरी चालणार नाही."