शेवटचं पान

अब्बा गेल्यावर अम्मीची पेटी आवरताना अदीबाला ते जुनं कॉमिक सापडलं होतं. खुनाची आणि प्रेमाची गोष्ट. नायिका पिस्तूल रोखते, नायक हसतो आणि गोष्ट तिथंच थांबते. त्या अधुऱ्या शेवटावर अदीबानं पीएच.डी.च्या प्रबंधात चाळीस पानांचं प्रकरण लिहिलं.

शहागंजात शफीचाचांची भाड्यानं कॉमिक देणारी लायब्ररी होती. तिनं त्यांना हे कौतुकानं सांगितलं, तर ते खुदकन हसले.

"अधुरा कुठला, बेटा? पुस्तक परत यावं म्हणून शेवटचं पान मीच काढून ठेवायचो. पुस्तक आणून द्या, इथं उभं राहून शेवट वाचा."

चाळीस पानं पाण्यात गेली. तरी अदीबाला हसूच येत होतं. दुपारचं ऊन कपाटांवर तिरपं उतरलं होतं आणि त्यात कागदाची धूळ सावकाश तरंगत होती. चाचांनी बिस्किटाच्या डब्यातून एक पिवळं पान काढलं. तीच नायिका, तेच पिस्तूल.

"एवढं एकच पुस्तक परत आलं नाय."

तिनं हात पुढं केला, तसं चाचांनी पान मागं घेतलं.

"ज्यानं नेलं, त्यानंच येऊन वाचायचं. कायदा म्हंजे कायदा."

बाहेर येऊन अदीबानं फोन लावला. "अम्मी, तुझ्या त्या कॉमिकचं शेवटचं पान सापडलं."

पलीकडून अम्मीनं हळूच विचारलं, "शफीनं अजून जपलंय ते?"