पासष्टीची तारीख

शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली एक जून हीच द्वारकाबाईंची जन्मतारीख. त्यामुळे पासष्टी पूर्ण होताच, दोन जूनला सकाळी, त्या पूरक आरोग्य विम्याच्या खिडकीशी हजर झाल्या. यंत्राने बोटातून रक्ताचा थेंब घेतला.

"काकू, आता कागदावरचं वय धरत नाहीत, रक्तातलं धरतात," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला सदुसष्ट पूर्ण झाली आहेत. पासष्टीनंतर सहाच महिने नाव घालता येतं."

"मग मला कळवायचं नाही का कुणी?"

"कळवलं होतं की. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात रक्त तपासलंत, त्याच आठवड्यात. घरून उत्तरही आलंय."

बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. 'आईला सांगू नका. तिचं नाव घातलं की आमचा हप्ता वाढतो.' खाली निनादचा, त्यांच्या मुलाचा अंगठा होता.

दोन वर्षं त्या विचारत होत्या, "विम्याचं बघायचं का रे?" तो हसून म्हणायचा, "तुझी पासष्टी तर होऊ दे, आई!"

कालच त्याने ती साजरी केली होती. औक्षणाच्या ताटात पासष्ट दिवे त्यानेच लावले होते, एकेक मोजून.