चार बोटांचा पुठ्ठा

दुपारी चार वाजून सात मिनिटांनी तिनं चौदावी खेळी केली. पांढरा घोडा उचलला आणि सरळ काळ्या प्याद्याच्या तोंडी दिला.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या बुद्धिबळ क्लबात मोठ्या पडद्यावर डाव बघणारी एकवीस माणसं एकदम ओरडली. महिलांच्या जगज्जेतेपदाचा हा बारावा आणि शेवटचा डाव. दोघींचे गुण सारखे. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणारी पोरगी याच खोलीत, याच डुगडुगत्या टेबलांवर शिकली होती आणि घोड्याची ही चाल तिला वडिलांनी दिली होती. ते पहिल्या रांगेत बसले होते. त्यांचा धंदा पुस्तकं बांधायचा. क्लबात सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणत.

"काकांचा घोडा!" पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "शेवटच्या डावात काकांचा घोडा! याला म्हणतात छाती."

काका हसले नाहीत.

पडद्याच्या डाव्या कडेला चार बोटं रुंदीचा पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यामागे संगणकाचा पट्टा. कुणाची बाजू किती वरचढ, हे तो पट्टा क्षणोक्षणी दाखवतो. पांढरी बाजू चढली की पांढरा रंग वाढतो, काळी चढली की काळा. पहिल्या डावाच्या दिवशी काकांनी दुकानातून पुठ्ठा कापून आणला होता. "खेळ माणसांचा आहे, माणसांसारखा बघा," असं म्हणून स्वतःच्या हातानं तो लावला होता. अकरा डाव कुणी त्याला हात लावला नाही.

आज साडेचारच्या सुमाराला खिडकीपाशी उभ्या असलेल्या वायरमननं फोन उघडला.

"काका, पुठ्ठा काढा."

"नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, ते ठीक आहे. पण तिकडे डाव उघडा पडलाय. यंत्र उणे चार दाखवतंय, म्हणजे काळी बाजू पार वरचढ."

"ठेव तो फोन," डेंटिस्टबाई करवादल्या. "समोरचीपाशी यंत्र आहे का? ती पंचवीस मिनिटं डोकं धरून बसलीय. तिला दिसत नाही, तोवर ते नाहीच."

"आणि दिसलं तर?"

"तर तेव्हा रडू. तू आत्तापासून सुतक कशाला धरतोस?"

"साधी खेळी आहे हो बाई. घोडा मारायचाच नाही. राजा एक घर सरकवून कोपऱ्यात न्यायचा. संपलं. आपला हल्ला फुसका, आणि घोडा पुढच्या खेळीला जातोच."

"फुकटचा घोडा समोर असताना कोण राजा हलवत बसेल?" आजोबा म्हणाले. "तुझ्या यंत्राला घाम येतो का? माणूस आधी घोडा खातो."

"तुम्ही खाल, आजोबा. ती तुमच्याशी खेळत नाहीये."

दोघंतिघं हसले. मग मागून कुणीतरी विचारलं, "पण आपल्या पोरीकडेही यंत्रं असतीलच की. तिनं तपासलं नसेल?"

डेंटिस्टबाईंनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली. "काल मुलाखतीत विचारलं होतं तिला. म्हणाली, सगळ्या चाली यंत्रावर घासून घेते. एक सोडून. ती बाबांनी तपासलीय."

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

शेवटच्या रांगेतून काकू, पोरीची आई, उठल्या. क्लबाचा जिना त्या आज पहिल्यांदा चढल्या होत्या. हत्ती सरळ जातो की तिरका, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. खुर्च्यांमधून वाट काढत त्या नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, हा म्हणतोय ते राजाचं... तुम्हाला माहीत होतं?"

काका पडद्याकडेच बघत होते.

"अहो, मी विचारतेय."

"सात महिने झाले."

"तिला सांगितलंत?"

"तिच्याकडे एवढी मोठमोठी यंत्रं. मला वाटलं, कळलंच असेल."

"दर रविवारी अर्धा अर्धा तास बोलता तिच्याशी. काय बोलता?"

"ती घोड्याबद्दलच विचारायची," काका म्हणाले. "बाबा, तुमचा घोडा ठीक ना? मी म्हणायचो, ठणठणीत."

वायरमननं फोन उलटा करून खिडकीत ठेवला.

"मग आत्ता लावा फोन तिला," काकू म्हणाल्या. "आत्ता सांगा. कुणाला तरी सांगा!"

"तिथे फोन दारातच काढून घेतात. आणि सांगू काय? खेळी झालीय गं."

"मग असे बसून काय राहिलात?"

काका उठले. पडद्याजवळ गेले. जुन्या पुस्तकाचं कव्हर सोडवावं तसं नखानं एक कोपरा उचकटला आणि हळूहळू, कुठे न फाडता, पुठ्ठा ओढून काढला. मागचा पट्टा वरपासून काळा होता. तळाशी बोटभर पांढरं उरलं होतं.

बाकीच्यांनी पट्ट्याकडे बघायचं टाळलं. सगळे पोरीकडे बघत होते. ती खुर्चीतून उठली होती. हात मागे बांधून, मान ताठ, ती पटाभोवती एक चक्कर मारून आली, थोडं पाणी प्यायली आणि पुन्हा बसली. चेहऱ्यावर काळजीचं नाव नव्हतं.

समोरचीनं हात पटावर आणला, घोड्याच्या वर अधांतरी धरला, आणि कशालाही न शिवता मागे घेतला.

चार वाजून बेचाळीस मिनिटं. काळ्याच्या घड्याळात एकतीस मिनिटं शिल्लक आहेत. राजा अजून जागच्या जागी आहे.