डावा स्पीकर

१४ जानेवारी २०१८, दुपारचे चार, तारा दोन. वारज्याच्या घरात निवृत्त तंत्रज्ञ मच्छिंद्ररावांनी नवा टीव्ही आपल्या जुन्या अँप्लिफायरला जोडला. बासरी खोलीभर तरंगू लागली; डावीकडून मात्र ती धुक्यापलीकडून यावी तशी येत होती. त्यांनी लाल-पांढऱ्या तारांची अदलाबदल केली, मग स्पीकरचीही. डावी बाजू मंदच राहिली.

"सोजर, डावा स्पीकर ऐकू येतो का गं?"

डावीकडच्या खुर्चीतून पत्नीला उत्तर दोनदा द्यावे लागले. "अहो, दोन्ही सारखेच येतायत! वर्षभर माझ्या बोलण्याला हूं नाही की चूं नाही, आणि मशिनची केवढी विचारपूस!"

आता एकच तपासणी उरली होती. मच्छिंद्रराव टीव्हीकडे पाठ करून बसले. मघाचा उजवा स्पीकर मंद झाला. तोही त्यांच्या डावीकडचाच. त्यांनी तळव्याने डावा कान झाकला. काहीच फरक पडला नाही.

त्यांनी ती अर्धी बासरी बंद केली. मग उठून त्यांनी सोजरबाईंची खुर्ची आपल्या उजवीकडे आणून ठेवली.

"आता बोल."

"काय बोलू?"

"वर्षभराचं. पहिल्यापासून."

अँप्लिफायरमधील दोष: शून्य.