शेजारची तार

कॉम्प्युटरवर मांडलेला अँटेना झकास चालत होता. गच्चीवरचा तोच अँटेना मात्र परवापासून मुका होता.

थोरल्या भावाने पुन्हा मापं तपासली. रेडिओच्या छंदात त्याचे केस पांढरे झाले होते. पण अँटेनाचं गणित करणाऱ्या या सॉफ्टवेअरच्या पोटात काय चालतं, ते त्याला आत्ता कुठे कळू लागलं होतं. ते तारेचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याचा बाकीच्या सगळ्यांवर किती परिणाम होतो ते मोजतं. जे मांडाल तेवढंच मोजतं. जे मांडलं नाही, ते त्याच्या लेखी जगातच नाही. आणि या शहाण्याने फक्त स्वतःच्या अँटेनाची तार मांडली होती!

गच्चीच्या मधल्या भिंतीपलीकडे धाकट्या भावाने परवाच कपडे वाळत घालायला नवी लोखंडी तार ताणली होती, मुद्दाम भिंतीला खेटून. थोरल्याने तीही मांडली. स्क्रीनवर अँटेनाची पोच दाखवणारा, समुद्राच्या बाजूला फुगलेला आकार एकदम चपटा झाला.

त्या बाजूला वादळ होतं, आणि वादळात एकट्याने शिडाची होडी हाकणारा धाकट्याचा मुलगा. बापाशी भांडून गेलेला तो रोज संध्याकाळी काकाशी रेडिओवर बोलायचा. बापाला याचा पत्ता नव्हता. भावाभावांत बोलणंच बंद होतं.

थोरला गच्चीवर गेला. धाकटा चादरी काढत होता.

"ती तार काढ."

"का म्हणून? माझ्या हद्दीत आहे. तुझ्या अँटेनाला कुठे चिकटलीय?"

"चिकटावं लागत नाही. नुसती जवळ असली तरी आवाज मारते."

"दादा, भांडायचंय तर सरळ भांड."

"तुझा मुलगा वादळात आहे रे. रोज बोलतो माझ्याशी. परवापासून ऐकू येत नाहीये."

धाकट्याने पक्कडही शोधली नाही; चादरींसकट तार हातांनीच ओढून काढली.

थोरल्याच्या खोलीत रेडिओवर बराच वेळ नुसती खरखर होती. मग तिच्यातून बारीक आवाज आला. "काका... ऐकतोयस ना?"

थोरल्याचे डोळे भरून आले. त्याने वळून माइक पुढे केला.

धाकटा उंबऱ्याबाहेरच उभा होता. त्याने रक्ताळलेले हात मागे घेतले.

"नको," तो कुजबुजला. "मी जवळ आलो, तर पुन्हा जाईल तो."